‘मेरी ख्रिसमस’मधली मेरी

गेल्या रविवारी फोनवर धाकट्याने विचारलं, “आजी, आपण ख्रिश्चन नाही, मग आपण ख्रिसमस का करतो?” शाळेत त्याला कुणीतरी हा प्रश्न विचारला होता आणि त्याला उत्तर देता आलं नाही. तुमच्या आईने मागून “ते कल्चरल असतं” असं सांगून विषय संपवला. ज्यांचं उत्तर येत नाही त्या सगळ्या प्रश्नांना हा शब्द चालतो, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. पण मला अर्धवट उत्तरं आवडत नाहीत. तेव्हा हे पूर्ण उत्तर. मोठीने धाकट्याला वाचून दाखवावं आणि एखादा शब्द अडला तर मला विचारावं, आईला नको.

सुरुवात माझ्या शाळेपासून. नागपुरात सदरमधली आमची शाळा नन्स चालवायच्या आणि डिसेंबरात तिथे नाताळाचं नाटक व्हायचं. वर्गात ख्रिश्चन मुली थोड्या, आणि त्या सगळ्या गायनात. त्यामुळे बेथलेहेमचा उरलेला कारभार आमच्याकडे असे. मेरी म्हणजे एका वकिलांची मुलगी, तिची निवड तिच्या रंगावरून झालेली. देवदूत सगळे इतवारीतल्या व्यापाऱ्यांच्या घरचे, कारण त्यांच्याकडे पांढरं रेशीम होतं. मी उंच होते, म्हणून आधी मेंढपाळ झाले आणि नंतर बढती मिळून जोसेफ. जोसेफला अख्ख्या नाटकात एकही वाक्य नव्हतं. पुढे लग्न झाल्यावर ती भूमिका मी तुमच्या आजोबांना दिली.

माझी आई एकदा ते नाटक बघायला आली होती. तिने सगळं शांतपणे पाहिलं, तारा पाहिला, राजे पाहिले, आणि घरी येताना रिक्षात म्हणाली, “अन् ती बाळंतीण तशीच खाली बसून राहिली? बाज नाही, शेगडी नाही. एवढ्या थंडीची.”

मी तिला समजावलं की ते नाटक आहे.

“नाटकात काय शेगडी महाग असते?” आई म्हणाली.

मला तेव्हा तिची लाज वाटली होती. इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलीला आईची लाज वाटणं हे फीमध्येच धरलेलं असतं.

आता आमच्या फ्लॅट स्कीमबद्दल, म्हणजे आमच्या बिल्डिंगबद्दल. तुम्ही इथे आलात ते उन्हाळ्यात, त्यामुळे आमचा डिसेंबर तुम्ही पाहिलेला नाही. दिवाळीचे आकाशकंदील आणि लाइटच्या माळा आमच्याकडे नवीन वर्षापर्यंत लटकत असतात. माळा उतरवायच्या कंटाळ्याला आमच्याकडे सर्वधर्मसमभाव म्हणतात. चोवीस तारखेला प्रत्येक मजल्यावर बेकरीचा खोका येतो. प्रत्येक मुलाच्या डोक्यावर लाल टोपी असते. नाताळाला केक न आणणारं घर आमच्या स्कीममध्ये एकच आहे, आणि तेवढं एकच ख्रिश्चन आहे.

ते घर तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचं. जन्मभर दवाखान्याच्या लेबर रूममध्ये नोकरी केली, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणतात. मीही तेच म्हणते आणि ती मला ‘जोसेफ’ म्हणते, कारण मी एकदा तिला ती हकीकत सांगण्याचा शहाणपणा केला. ती नाताळाला करंज्या, शंकरपाळे आणि चिवडा असा फराळ करते, तिच्या आईच्या घरी होत असे तसाच. स्कीममधली मुलं ताट बघून विचारतात, “केक कुठे आहे?” सिस्टर म्हणते, “केक तुमच्या घरी असेल. जाऊन खा.”

गेल्या वर्षी स्कीमच्या कमिटीने ठरवलं की पार्किंगमध्ये सगळ्यांनी मिळून ख्रिसमस साजरा करायचा. मीटिंगला मीही होते. पहिला आक्षेप दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांचा. ते म्हणाले, हा आपला सण नाही, आपण आपली संस्कृती जपली पाहिजे. त्यांची दोन्ही मुलं अमेरिकेत आहेत आणि मुलांच्या घरच्या ख्रिसमस ट्रीचे फोटो ते स्वतःच ग्रुपवर टाकतात. कुणीतरी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, “ते तिकडचं वेगळं.”

बऱ्याच चर्चेनंतर तोडगा निघाला. झाड आणायचं, तारा लावायचा, सांता आणायचा, केक कापायचा, पण बॅनरवर ‘वर्षअखेर स्नेहमेळावा’ लिहायचं. थोडक्यात, नाताळाचं सगळं करायचं, फक्त नाताळ म्हणायचं नाही. इंजिनिअरांची संस्कृती वाचली आणि त्यांनी झाडासाठी वर्गणीही दिली. सिस्टरला विचारावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. लग्न ठरलं, हॉल ठरला, जेवण ठरलं, आणि नवरीला कळवायचं राहून गेलं, तसा तो प्रकार होता.

मी वर जाऊन तिला सांगितलं. ती शेवया भाजत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “करू दे. पोरं खूश होतील. माझं एकच काम आहे, जोसेफ. चोवीसला संध्याकाळी सातला आमच्या चर्चची गाणारी पोरं-पोरी येतात. तेवढा वेळ गेट उघडं ठेवा आणि खालचा गोंधळ बंद ठेवा.”

ही गाणारी मंडळी दरवर्षी तिच्याकडे येतात. हॉलमध्ये तिने मांडलेल्या गव्हाणीसमोर उभी राहतात. मातीची मेरी, मातीचा जोसेफ, गवतावर बाळ. ती मेणबत्ती धरते, ते गातात, करंज्या खातात आणि जातात.

“मला आता चर्चच्या पायऱ्या चढता येत नाहीत,” ती म्हणाली. “गुडघे ऐकत नाहीत. ते अर्धा तास गातात, तेवढाच माझा नाताळ. बाकी मग पंचवीस तारीख आहे, कॅलेंडरवर सगळ्यांच्याच घरी असते.”

मी तिचा निरोप सेक्रेटरीला दिला. आमचा सेक्रेटरी हिंगण्याच्या कारखान्यात फोरमन होता. मशीनच्या आवाजावर बोलायची सवय अजून गेलेली नाही.

“काकू, तुम्ही टेन्शनच घेऊ नका,” तो जिन्यातून ओरडून म्हणाला, मी त्याच्यासमोर उभी असताना.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कार्यक्रमपत्रिका आली. फॅन्सी ड्रेस, सांताचं आगमन, मग ‘कॅरोल शो’, मग अंताक्षरी, मग छोले-भटुरे. सिस्टरने ते वाचून मला फोन केला. “शो म्हणजे? मी काय वरून बाल्कनीचं तिकीट काढू?”

मी पुन्हा सेक्रेटरीकडे गेले. त्याला वाटलं होतं की आपण त्या मुलांना स्टेज देऊन सिस्टरवर उपकारच करतोय. समजावून सांगितल्यावर त्याने सातनंतरचा अर्धा तास म्युझिक बंद ठेवायचं कबूल केलं. मनाने तो वाईट नाही. त्याला फक्त कुणाच्या घरात होणारी गोष्ट माइकशिवाय होते हे पटत नाही.

याच दिवसांत तळमजल्यावरच्या खापेवाल्या बाई माझ्याकडे आल्या. माहेर खाप्याचं, विणकराच्या घरातलं, म्हणून सगळे त्यांना खापेवाल्या म्हणतात. आमच्या महिला भजनी मंडळाच्या त्या प्रमुख आहेत. पदर सावरून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “काकू, तुम्ही इंग्रजी शिकलेल्या, म्हणून विचारून राहिली. पोट्टे ‘मेरी ख्रिसमस’ म्हणतात, त्यातली मेरी म्हणजे त्या बाळाची मायच ना?”

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. स्पेलिंगची चूक दिसली की मला दुकानाची पाटीही सोडवत नाही. ‘मेरी’ म्हणजे आनंदी, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण त्या थांबल्या नाहीत.

“मले हे लई आवडलं. आपल्यात रामनवमी म्हणतात, कौसल्येचं नाव कोणी घेते का? गोकुळाष्टमीले देवकीले कोणी विचारते का? यांच्यात पहा, पहिलं नाव बाळंतिणीचं.”

मी तोंड मिटलं.

“अन् मग जन्म आहे तर पाळणा काहून नाही? सुंठवडा काहून नाही?”

“केक असतो,” मी म्हटलं.

“केक वाढदिवसाले असते, काकू. हा जन्म आहे. जन्माले सुंठवडा लागते.”

बाई तिथून उठून सेक्रेटरीकडे गेल्या आणि भजनी मंडळाला पाळण्यासाठी थोडा वेळ मागितला. तो म्हणाला, मुलं बोर होतील. त्या परत माझ्या दारात येऊन म्हणाल्या, “जन्माले पाळणा बोर होते म्हणे. अन् ह्याले लहानपणी काय डीजे लावून झोपवलं होतं?” तरीही त्यांनी घरी जाऊन सुंठ कुटलीच.

चोवीस तारखेला संध्याकाळी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून स्टेज लावलं. प्लास्टिकच्या झाडावर बर्फ म्हणून कापूस पिंजून टाकला होता. खाली स्वेटर आणि मफलर घालून बसलेले आम्ही. खरी थंडी अंगाला लागत होती, तरी बर्फावाचून आमचं अडलं होतं. सेक्रेटरी स्वतःच सांता झाला. दाढी गादीच्या कापसाची. त्याचं ‘हो हो हो’ ऐकून वाटलं की कुणीतरी उधळलेली बैलजोडी आवरतोय. पहिल्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं.

“काहून रडून राहिला गा? चॉकलेट घे ना बाप्पा,” सांता म्हणाला.

“हे सांता नाहीत,” ते मूल आईला म्हणालं. “हे मेंटेनन्स मागायला येतात ते काका आहेत.”

झाडाला, ताऱ्यांना आणि स्पीकरला मिळून जेवढी वीज लागली तेवढी आमच्या स्कीमला झेपली नाही आणि लिफ्ट बंद पडली. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही, कारण सगळे खालीच होते. सिस्टर सोडून.

सात वाजता सेक्रेटरीने शब्द पाळला. म्युझिक बंद केलं आणि माइकवरून सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. मी जिन्याने वर गेले. सिस्टरने इस्त्री केलेली पांढरी साडी नेसली होती. खुर्च्या भिंतीला लावून हॉल मोकळा केलेला, करंज्यांचं ताट झाकलेलं, हातात न पेटवलेली मेणबत्ती.

फोन वाजला. गाणाऱ्यांचा म्होरक्या बोलत होता. ते सगळे गाडीत होते आणि गाडी सदरमध्ये अडकली होती. चर्चला लावलेले लाइट बघायला अख्खं नागपूर लोटलं होतं. लाल टोप्या घालून लोक रस्त्याच्या मधोमध फोटो काढत होते, पोलिसांनी अर्धा रस्ता बंद केला होता. मुलगा सभ्य होता, म्हणून त्याने फक्त “खूप गर्दी आहे, सिस्टर” एवढंच म्हटलं. मी सभ्य नाही, म्हणून सरळ सांगते. ख्रिश्चन नसलेले सगळे नाताळ बघायला आल्यामुळे ख्रिश्चनांना नाताळ करायला जाता येत नव्हतं. धाकट्या, तुझ्या प्रश्नाचा हा भाग नीट लक्षात ठेव.

अर्धा तास आम्ही वाट पाहिली. खाली सगळी स्कीम शांत बसून आपापले मोबाइल पाहत होती. मग मुदत संपली आणि स्पीकर पुन्हा सुरू झाला, मघापेक्षा मोठ्याने, साचलेला आवाज भरून काढावा तसा. तेवढ्यात दुसरा फोन आला. आता फार उशीर झाला, पुढे चर्चमध्येही गायचंय, तर सिस्टरकडे परवा आलं तर चालेल का, असं तो मुलगा विचारत होता.

“चालेल,” सिस्टर म्हणाली. फोन ठेवला आणि मला म्हणाली, “परवा. जशी काही तारीख देऊन डिलिव्हरी आहे.” मग मेणबत्ती टेबलावर ठेवून ती एकेक खुर्ची पुन्हा जागेवर ओढायला लागली. गुडघे दुखत असताना. मी धरायला गेले तर म्हणाली, “राहू दे, मला सवय आहे. वॉर्ड मीच आवरायची.”

मी खाली उतरले. भजनी मंडळाच्या बाया मागच्या रांगेत शाली गुंडाळून बसल्या होत्या. खापेवाल्या बाईंच्या मांडीवर सुंठवड्याचा डबा होता, आणि तो त्यांना अजून कुणी उघडू दिला नव्हता.

“पाळणा म्हणायचाय ना?” मी विचारलं.

“कुठी?”

“तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर सिस्टरच्या खिडकीकडे पाहिलं. “चला वं,” त्या बायांना म्हणाल्या, “झांजा घ्या.”

जाता जाता मी सेक्रेटरीला म्युझिक बंद करायला सांगितलं, इंग्रजीत. ती भाषा मी अशा प्रसंगांसाठी राखून ठेवली आहे. तो इतका घाबरला की त्याने स्पीकरची वायरच उपटली.

दार सिस्टरने उघडलं. सात-आठ बाया धापा टाकत आत आल्या. खापेवाल्या बाई सरळ गव्हाणीपाशी जाऊन वाकल्या आणि मेरीला निरखून म्हणाल्या, “बाप्पा, बाळंतिणीचे पाय उघडेच ठेवून दिले.” त्यांच्या पिशवीत कापडाचा तुकडा नेहमीच असतो, माहेरची सवय. त्यांनी काठाची एक पट्टी काढून मातीच्या मेरीच्या पायांवर नीट खोचली.

मला एकदम रिक्षातली आई आठवली.

सिस्टरने वाकून ती पट्टी पाहिली. “वॉर्डात मी हेच ओरडत असायची,” ती म्हणाली. “पाय झाका, पाय झाका. इतकी वर्षं ही माझ्या घरात आहे आणि मला सुचलं नाही.”

बाया खाली सतरंजीवर बसल्या. सूर धरला आणि पहिल्याच ओळीला खापेवाल्या बाई अडल्या. पाळणा रामाचा होता.

“सिस्टर, बाळाचं नाव काय घेऊ?”

“येशू घे. रामाच्या जागी बसेल, अक्षरं मोजून बघ.”

बसलं. कौसल्येच्या जागी मेरी आली आणि एक अक्षर ओढून घ्यावं लागलं. अयोध्येच्या जागी बेथलेहेम कोंबताना त्याचं बेथलेम झालं. मग दशरथाची ओळ आली.

“अन् बापाचं?”

“जोसेफ,” मी म्हटलं.

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. “नाही बसत. राहू द्या, काकू, बापाचं काही काम नाही पाळण्यात.” जोसेफला इथेही ओळ मिळाली नाही.

सिस्टरने मेणबत्ती पेटवून माझ्या हातात दिली आणि शेजारच्या बाईच्या हातातली झांज काढून घेतली. मला वाटलं होतं ती नुसतं ऐकेल. ती दुसऱ्या कडव्यापासून बरोबर गायला लागली, आणि झांज अशी धरली की खापेवाल्या बाईंनी गाता गाता भुवया उंचावल्या. “आमच्या गावच्या चर्चमध्ये पेटी न् झांजच होती,” ती मला नंतर म्हणाली. “गिटार आता आली.” पाळणा संपला तेव्हा तिने झांज परत केली नाही. “अजून एक म्हणा,” एवढंच म्हणाली. त्यांनी अजून एक म्हटला. त्यात कृष्ण होता, त्याचाही येशू झाला.

दारात सेक्रेटरी येऊन उभा होता, दाढी हनुवटीखाली ओढलेली. त्याच्या मागे जिन्यात स्कीममधले निम्मे लोक होते. इंजिनिअरही होते. आपली संस्कृती चालू आहे म्हटल्यावर त्यांना यायला हरकत नव्हती.

मग सुंठवडा वाटला. खापेवाल्या बाई सुंठ घालताना हात आखडत नाहीत. सांताच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो खोकत खोकत पायरीवर बसला. सिस्टरने चमचाभर खाल्ला आणि गव्हाणीसमोर एका वाटीत थोडा काढून ठेवला. “बाळंतिणीला,” ती म्हणाली.

त्या गर्दीतून वाट काढत चार मुलं वर आली. गाडी रस्त्यात सोडून ती सदरमधून चालत आली होती. एकाच्या खांद्यावर गिटार. “परवा नको वाटलं, सिस्टर,” म्होरक्या म्हणाला, आणि मग त्याला खोलीतल्या बाया, झांजा आणि पायरीवर खोकत बसलेला सांता दिसला.

“आधी हे खा,” सिस्टरने त्याच्या हातावर सुंठवडा ठेवला. “मग गा. हळू गा, बाळ आत्ताच झोपवलंय.”

मुलं गायली, पण जरा थांबून, कारण सुंठ उतरायला वेळ लागला.

चार दिवसांनी मी सिस्टरकडे गेले. खुर्च्या जागेवर होत्या, गव्हाण अजून होती. मेरीच्या पायांवर काठाची पट्टी तशीच. ती म्हणाली, “त्या खापेवालीला तू सांगितलंस का, मेरी म्हणजे काय ते?”

“नाही,” मी म्हटलं.

“सांगू नकोस.”

तर, धाकट्या, आपण ख्रिसमस का करतो याचं उत्तर असं आहे की बहुतेक जण केकसाठी करतात, काही फोटोसाठी, आणि आमचे इंजिनिअर तो करतच नाहीत, फक्त हजर असतात. खापेवाल्या बाई मात्र बाळंतिणीसाठी करतात. शाळेत पुन्हा विचारलं तर यातलं जे आवडेल ते सांग.

या वर्षी कमिटीची मीटिंग परवाच झाली. कार्यक्रम सिस्टरच्या मजल्यावर, आधी पाळणा, मग गाणारी मुलं, आणि पार्किंगमध्ये फक्त छोले-भटुरे. या वेळी स्नेहमेळाव्याचं नाव कुणी काढलं नाही. काल सेक्रेटरी बॅनरचा मजकूर घेऊन आला. इंग्रजी छापायला टाकण्याआधी तो नेहमी मला दाखवतो. मजकूर त्याने खापेवाल्या बाईंना विचारून लिहिला होता, आणि पहिल्या शब्दात ‘ई’च्या जागी ‘ए’ होता, ‘आर’ एकच.

“काकू, स्पेलिंग बरोबर आहे ना?”

मी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “छाप.”